ताईचा फोन आणि मायक्रोआरएनएची टेस्ट

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सांगलीहून ताईचा फोन आला. "अरे, ग्रुपवर एक बातमी टाकलीय, वाचलीस का?" मी वाचली नव्हती. घरच्या ग्रुपवर येणाऱ्या आरोग्याच्या बातम्या मी सहसा उघडत नाही, हे तुमच्यापाशी कबूल करायला हरकत नाही. बातमी अशी होती की रक्ताच्या एका थेंबातून सगळ्या प्रकारचे कॅन्सर ओळखणारी तपासणी आली आहे, तिचं नाव मायक्रोआरएनए टेस्ट, आणि या शोधाला नोबेल पारितोषिकही मिळालं आहे. खाली एका लॅबचा मोबाइल नंबर आणि सवलतीची शेवटची तारीख.

ताईला सात वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. गाठ लहान असतानाच सापडली. ऑपरेशनमध्ये फक्त गाठ काढली, स्तन राखला, मग रेडिएशन दिलं आणि पुढे पाच वर्षं रोज एक गोळी. आज ती ठणठणीत आहे, भिशीच्या बायकांना गोळा करून सहली काढते. मी सहज विचारलं, "यंदाची मॅमोग्राफी झाली ना?" ती गप्प. मग दाजींनी फोन घेतला. "यंदाची नाही आणि मागच्या वर्षीचीही नाही. कॅन्सर आता रक्तावर कळतो असं तिनं कुठंतरी ऐकलंय. म्हणते, मग ते यंत्रात दाबून घ्यायचं कशाला?"

माझ्या पोटात गोळा आला. ओपीडीत मी दिवसभर लोकांना फॉलोअपच्या तारखा सांगत असतो आणि सख्ख्या बहिणीच्या दोन तपासण्या चुकल्या त्याचा मला पत्ता नव्हता. त्या दिवशी तिला फोनवर जे समजावलं ते थोडं सविस्तर तुम्हालाही सांगतो. तीच बातमी बहुधा तुमच्या फोनवरही आली असेल.

नोबेलचा भाग खरा आहे. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं. पण ते कॅन्सरवर काम करत नव्हते. ते काम करत होते मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका पारदर्शक जंतावर. यातले काही जंत नीट वाढत नाहीत, लहानपणचेच टप्पे पुन्हा पुन्हा गिरवत बसतात. असं का होतं, एवढाच प्रश्न. बिघाड लिन-४ नावाच्या जनुकात होता. जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती, असं तेव्हा सगळे धरून चालत. ॲम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं की लिन-४ पासून प्रथिन बनतच नाही. बनतो तो आरएनएचा २२ अक्षरांचा इवलासा तुकडा. रव्हकुन लिन-१४ या दुसऱ्या जनुकावर काम करत होते. त्याच्या संदेशातल्या काही अक्षरांशी हा तुकडा जुळत होता, आणि तिथे चिकटून तो त्या जनुकाचं काम थांबवत होता. १९९३ साली दोघांनी हे प्रसिद्ध केलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. एका जंताची गंमत, तिचं माणसाला काय? मग २००० साली रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेला लेट-७ नावाचा आणखी एक तुकडा सापडला, आणि तो माणसाच्या पेशींतही निघाला. तेव्हा कुठे लोक कामाला लागले.

हे तुकडे, म्हणजेच मायक्रोआरएनए, नेमकं करतात काय? मंगल कार्यालयातला भटारखाना डोळ्यांसमोर आणा. सगळ्या पदार्थांच्या कृतींचं मोठं बाड ऑफिसात कुलपात ठेवलेलं असतं. ते डीएनए. त्यातली आज लागणारी कृती एका चिठ्ठीवर उतरवून आचाऱ्याकडे जाते. ती चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. आचारी चिठ्ठी बघून पदार्थ करतो, ते प्रथिन. आता पंगत उठत आली तरी जिलेबीची चिठ्ठी तिथेच टांगलेली असेल तर आचारी जिलेब्या तळतच राहील. म्हणून यजमानांच्या घरचं एखादं जाणतं माणूस मध्ये फिरत असतं. ते स्वतः काही रांधत नाही. चिठ्ठ्या बघतं आणि "ही पुरे आता" म्हणून एखादी काढून फाडून टाकतं. मायक्रोआरएनए म्हणजे ते माणूस. आपल्या शरीरात अशी शेकडो आहेत आणि एकेक जण बऱ्याच चिठ्ठ्यांवर लक्ष ठेवून असतं.

कॅन्सर म्हणजे पेशींची न थांबणारी वाढ. तेव्हा "पुरे" म्हणणारं माणूसच गैरहजर झालं तर काय होईल, हे तुमच्या लक्षात आलं असेल. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा बहुधा उतारवयात होणारा रक्ताचा कॅन्सर. त्यातल्या सुमारे निम्म्या पेशंटच्या रोगट पेशींत १३ व्या गुणसूत्राचा एक छोटा भाग गळालेला असतो. त्या भागात असं कोणतं महत्त्वाचं जनुक आहे, याचा शोध बरीच वर्षं चालला होता. २००२ साली कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या गटाने दाखवलं की तिथे मिर-१५ए आणि मिर-१६-१ ही दोन मायक्रोआरएनए असतात. ती नाहीशी झाली की बीसीएल-२ हे प्रथिन वाढतं, आणि हे प्रथिन पेशीला वेळेवर मरू देत नाही. या बीसीएल-२ ला अडवणारी व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी आज या आजारात वापरतात. ती गोळी वेगळ्या वाटेने तयार झाली, पण दोन्ही वाटा एकाच प्रथिनापाशी येऊन मिळाल्या, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पुढची पायरी २००५ ची. अमेरिकेतल्या टॉड गोलुब यांच्या गटाने वेगवेगळ्या कॅन्सरच्या आणि निरोगी पेशींच्या ३३४ नमुन्यांत २१७ मायक्रोआरएनए मोजली. काही गाठी इतक्या बिघडलेल्या असतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या कोणत्या अवयवातून निघाल्या ते ओळखू येत नाही. अशा १७ गाठींपैकी १२ गाठींचं मूळ मायक्रोआरएनएवरून बरोबर सांगता आलं. नेहमीच्या मेसेंजर आरएनएवरून फक्त एकीचं. ज्यांच्या घरात "गाठ लिव्हरमध्ये आहे पण सुरुवात कुठून झाली कळत नाही" असं कधी ऐकलं असेल, त्यांना या आकड्यांचं मोल कळेल.

तोवर सगळं गाठीच्या तुकड्यावर चाललं होतं. रक्तात आरएनए सापडेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, कारण रक्तात आरएनए कापून टाकणारी विकरं भरपूर असतात. २००८ साली सिएटलमधल्या मुनीश तेवारी यांच्या गटाने रक्तातला प्लाझ्मा २४ तास खोलीच्या तापमानाला तसाच ठेवून पाहिला, आठ वेळा गोठवून वितळवून पाहिला, तरी त्यातली मायक्रोआरएनए जवळपास तेवढीच राहिली. ती रक्तात उघडी फिरत नाहीत. काही प्रथिनाला बिलगलेली असतात, काही चरबीच्या बारीक थैल्यांमध्ये. याच कामात प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात मिर-१४१ वाढलेलं दिसलं. इथून "रक्तावर कॅन्सर" ही कल्पना सुटली आणि त्यावर हजारो शोधनिबंध निघाले.

"मग अडचण काय आहे?" ताईचा प्रश्न. बरोबरच आहे तिचं.

पहिली अडचण अगदी साधी आहे, आणि ती प्रयोगशाळेच्या बाहेर, रक्त काढण्याच्या खुर्चीतच सुरू होते. बारीक शीर, घाईत ओढलेली सिरिंज, मग नळी जोरात हलवली, मग ती उन्हात गाडीच्या डिकीतून गेली. रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि पिवळसर दिसायला हवा तो द्रव गुलाबी होतो. तुमच्यापैकी कुणाचा पोटॅशियमचा रिपोर्ट उगाच जास्त येऊन पुन्हा रक्त द्यावं लागलं असेल तर बऱ्याचदा कारण हेच असतं. मायक्रोआरएनएचं तेच होतं, फक्त कितीतरी पटींनी. लाल पेशींच्या पोटात मिर-४५१, मिर-१६ यांसारखी मायक्रोआरएनए ठासून भरलेली असतात. २०१२ साली तेवारी यांच्याच गटाने आणखी एक निबंध लिहिला, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा तो जास्त धाडसाचा. गाठींच्या कॅन्सरसाठी रक्तातल्या खुणा म्हणून ७९ मायक्रोआरएनए तोवर सुचवली गेली होती. त्यातली ४६ रक्तपेशींमध्येच मोठ्या प्रमाणात असतात, असं त्यांनी दाखवलं. नमुन्यात लाल पेशी फुटल्या असतील तर काहींचं प्रमाण ५० पटींपर्यंत बदलतं. म्हणजे मोजला कॅन्सर की रक्त काढणाऱ्याचा हात, हे सांगणं कठीण. ज्या क्षेत्रात आपलं नाव झालं त्याच क्षेत्राला "जरा थांबा" म्हणणं सोपं नसतं.

दुसरी अडचण म्हणजे ही मायक्रोआरएनए एका कॅन्सरची नसतात. मिर-२१ चं उदाहरण घ्या. ते स्तन, फुप्फुस, आतडं, स्वादुपिंड अशा कितीतरी कॅन्सरमध्ये वाढतं. पण साध्या सुजेतही वाढतं आणि हृदयाच्या काही आजारांतही. रिपोर्टवर "मिर-२१ वाढलेलं" असं आलं तर मी पेशंटला काय सांगू? कुठे शोधू? गुडघ्याच्या सांध्यात की स्वादुपिंडात?

तिसरी अडचण गणिताची आहे. ताई शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे हे तिला लगेच पटलं. समजा एक रक्ततपासणी आहे. कॅन्सर असलेल्या १०० जणांपैकी ९० जणांना ती पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ९४ जणांना बरोबर "नाही" म्हणते. ऐकायला छान वाटतं. आता ही तपासणी गावातल्या १०,००० धडधाकट माणसांवर केली आणि त्यात ५० जणांना खरोखर कॅन्सर आहे असं धरू. ५० पैकी ४५ सापडले. उरलेल्या ९,९५० निरोगी माणसांपैकी सहा टक्के, म्हणजे ५९७ जणांनाही "कॅन्सर असू शकतो" असा कागद मिळाला. एकूण ६४२ माणसं घाबरलेली, त्यातली खरी आजारी ४५. बाकीच्यांचे स्कॅन, दुर्बिणी, बायोप्सी, मोडलेल्या एफडी आणि झोप उडालेल्या रात्री. आणि ज्या पाच जणांचा कॅन्सर निसटला ते "रक्त नॉर्मल आहे" म्हणत घरी बसले. मला जास्त भीती या पाचांची वाटते. ताई त्यांच्यातलीच एक व्हायच्या बेतात होती.

आता तेच आकडे दुसरीकडे कसे सोन्यासारखे ठरतात ते बघा. माझ्याकडे एक पंचविशीतला मुलगा येतो. वृषणात गाठ होती. आठ महिने त्याने घरात सांगितलं नाही. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हणच आहे. याच्या बाबतीत जावई नसूनही तेच झालं. शेवटी ऑपरेशन झालं, सेमिनोमा निघाला. हा कॅन्सर तरुण मुलांत होतो आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात, म्हणून ही ओळ वाचणाऱ्या तरुणांनी लाज बाजूला ठेवावी. पुढे त्याला नियमित तपासणीवर ठेवलं. वर्षभराने सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या मागच्या बाजूला एक गाठ दिसली, १२ मिलिमीटरची. ती कॅन्सरची असू शकते, नुसती सुजलेली लसिकाग्रंथीही असू शकते. एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या नेहमीच्या रक्ततपासण्या नॉर्मल. पण त्याच्या मूळ गाठीच्या वेळीही त्या नॉर्मलच होत्या! सेमिनोमाच्या निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये त्या काहीच सांगत नाहीत. मग करायचं काय? लगेच केमो द्यायची तर कदाचित नसलेल्या रोगासाठी. थांबायचं तर सहा ते आठ आठवडे. त्याचे वडील एसटीत कंडक्टर. ते मला म्हणाले, "साहेब, आठ आठवडे आम्ही जेवायचं कसं?"

इथे एक मायक्रोआरएनए खरंच उपयोगी पडू शकतं. मिर-३७१ए-३पी त्याचं नाव. मोठ्या माणसाच्या निरोगी शरीरात ते फारसं बनत नाही. वृषणाच्या जंतुपेशींच्या गाठीत मात्र भरपूर बनतं, आणि सेमिनोमा असो वा दुसरा प्रकार, बहुतेकांत. जर्मनीतल्या डीकमन यांच्या गटाने ६१६ पेशंटवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आजार असलेल्यांपैकी ९०.१ टक्के त्याने पकडले आणि नसलेल्यांपैकी ९४ टक्क्यांना बरोबर "नाही" म्हटलं. उपचारानंतर ते रक्तातून भराभर उतरतं, त्यामुळे उपचार लागू पडतोय का तेही दिसतं.

आकडे तेच आहेत ना, मघाचेच? फरक आहे तो विचारलं कुणाबद्दल याचा. समजा माझ्या त्या मुलासारखे, स्कॅनमध्ये संशयाची गाठ दिसलेले १०० जण आहेत आणि त्यात निम्म्यांना रोग परत आलाय. तपासणी ४५ जणांत बरोबर "हो" म्हणेल आणि फक्त तिघांत चुकून. ४८ पैकी ४५. अशा उत्तरावर मी केमोबद्दल बोलायला बसू शकतो. आणि "नाही" आलं तर त्या वडिलांना थोडं निश्चिंत जेवता येईल. थोडंच, कारण या तपासणीलाही आंधळी जागा आहे. टेराटोमा नावाचा एक प्रकार तिला दिसत नाही, आणि रोग अगदी कणभर असेल तर तोही निसटू शकतो. म्हणून ती अजून नेहमीच्या वापरात आलेली नाही. अमेरिकेत स्वॉग या संशोधन-गटाचा एस-१८२३ हा मोठा अभ्यास नेमका याच तपासणीचा कस लावण्यासाठी आखला गेला. त्या मुलाची ही टेस्ट मी करू शकलो नाही. आठ आठवडे थांबून पुन्हा स्कॅन केला. गाठ तेवढीच आहे. अजून लक्ष ठेवून आहोत.

थायरॉइडमध्येही असाच एक नेमका उपयोग आहे. सुईने काढलेल्या पेशींवरून गाठ साधी की कॅन्सरची ते ठरत नसेल, तर अमेरिकेत काही ठिकाणी त्याच पेशींतली मायक्रोआरएनए मोजून ऑपरेशन टाळता येतं का ते बघतात. इथेही पुन्हा गाठ आधी सापडलेली आहे, प्रश्न ठरलेला आहे.

तेव्हा कुणी तुम्हाला अशी टेस्ट सुचवली, तर आधी त्यांना हे विचारा: ही तपासणी कोणत्या एका आजारासाठी आहे? "हो" आलं तर तुम्ही पुढे काय करणार, आणि "नाही" आलं तर माझी कोणती तपासणी टळणार? समोरचा "सगळ्याच कॅन्सरसाठी" म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. रिपोर्ट आधीच हातात असेल तर तो फाडू नका आणि त्यावर रडतही बसू नका, आपल्या डॉक्टरांना दाखवा. नुसत्या अशा कागदावर कुणालाही कॅन्सर आहे असं ठरत नाही. त्यासाठी आजही बहुतेक वेळा बायोप्सीच लागते. संशोधनासाठी रक्त मागितलं, संमतीपत्र नीट समजावलं आणि पैसे घेतले नाहीत, तर जरूर द्या. वर सांगितलेले सगळे आकडे अशाच कुणीतरी दिलेल्या रक्तातून आले आहेत.

ताईसारखा स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या आणि आता काही त्रास नसलेल्या बायकांसाठी एवढं लक्षात ठेवा: ठरल्याप्रमाणे डॉक्टरांकडून तपासून घेणं आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. एक स्तन काढला असेल तर दुसऱ्याची. लक्षणं नसताना दर काही महिन्यांनी सीए १५-३ सारख्या रक्ततपासण्या करत बसण्याचीही शिफारस नाही, मग मायक्रोआरएनएची गोष्टच सोडा. नवी गाठ, त्वचेत बदल, न थांबणारी हाडदुखी, खोकला असं काही वाटलं तर मात्र तारखेची वाट बघू नका.

ताईने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दाबून घ्यावंच लागणार." हो म्हटलं. गुरुवारी दाजी तिला घेऊन गेले. संध्याकाळी तिने रिपोर्टचा फोटो पाठवला, वाकडा, अर्धा अंधारात. दोनदा मोठा करून वाचला. जुन्या ऑपरेशनची खूण आहे, नवीन काही नाही. पुढच्या वर्षीची तारीख मी माझ्या फोनमध्ये लावून ठेवली आहे आणि दाजींनाही लावायला सांगितली आहे.